बाबा बोलत नाहीत, पण गातात

पत्र : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. गेल्या दिवाळीत त्यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, त्याबरोबर बोलणेही गेले. पाय आता काठीच्या आधाराने उचलतो, पण तोंडातून "बरं, बरं" एवढेच निघते. हो म्हणायचे असो, नाही म्हणायचे असो की पाणी हवे असो. सक्करदऱ्याच्या आमच्या घरी तीस वर्षे दर गुरुवारी भजनी मंडळ बसायचे आणि बाबा खंजिरीवर राष्ट्रसंतांची भजने म्हणायचे. दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या घरी भजन सुरू झाले, तेव्हा बाबांनी अंथरुणात पडल्यापडल्या ते आख्खे भजन, एकही शब्द न चुकता म्हटले. आम्ही सगळे रडलो. त्यानंतर मात्र घरात वेगळेच सुरू झाले आहे. दादा म्हणतो की, शब्द येतात याचा अर्थ बाबा बोलू शकतात, हट्टाने बोलत नाहीत. परवा तर त्यांनी त्याला एक स्वच्छ शिवी दिली. भेटायला येणारे त्यांना गाण्याची फर्माईश करतात. भाच्याने व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवले. आई त्यांच्या खोलीत जेवणाचे ताट ठेवण्यापुरतीच जाते. माझा दहा महिन्यांचा मुलगा तेवढा त्यांच्यापाशी तासभर रमतो. आणि मला एक धास्ती आहे, जी मी कोणाला सांगितलेली नाही : हल्ली ते एकच भजन म्हणतात, आणि ते देह सोडून जाण्याचे आहे. ते आम्हाला काही सांगत आहेत का? त्यांचे गाणे हे बोलणे समजायचे, की ती नुसती टेप आहे?
एक लेक, सक्करदरा, नागपूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आधी तुमच्या दादांचे म्हणणे घेते, कारण तुमच्या घरात रोजची जखम तेथे होत असावी. बाबा हट्ट करत नाहीत. मी डॉक्टर नाही, आयुष्यभर गाणे शिकवत आले आहे. पण तुम्ही जे वर्णन केले आहे ते वैद्यकाला फार जुने ओळखीचे आहे आणि त्याला मराठीत वाचाघात म्हणतात. बहुतेक माणसांमध्ये भाषेची मुख्य यंत्रणा मेंदूच्या डाव्या भागात असते, आणि शरीराची उजवी बाजूही डाव्याच भागाच्या ताब्यात असते. म्हणूनच उजवा हात आणि वाचा अनेकदा एकाच झटक्यात जातात. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने ज्या रुग्णाच्या मेंदूचे वर्णन केले, तो रुग्ण वर्षानुवर्षे प्रत्येक प्रश्नाला "तान, तान" एवढेच उत्तर देत असे. त्याला समजत जवळजवळ सारे होते, हातवारे करून तो बरेच सांगत असे, आणि रुग्णालयातले लोक त्याला तान याच नावाने ओळखत. हा तान संतापला की मात्र त्याच्या तोंडून एक शिवी सुटे. ही गोष्ट तुमच्या दादांना अवश्य सांगा.

शिवी, एक ते दहा आकडे, वारांची नावे, आरती, स्तोत्र, पाठ असलेले गाणे, हे सारे मेंदूत सुट्या शब्दांच्या रूपाने साठवलेले नसते. त्याची एक अखंड माळ झालेली असते, एक मणी हाती लागला की पुढचा आपोआप येतो. "मला पाणी हवे" हे वाक्य मात्र दर वेळी नव्याने ओवावे लागते : आधी गरज, मग तिचे नेमके शब्द, मग त्यांचा क्रम, मग ओठ आणि जीभ यांना आज्ञा. बाबांचे हे ओवणे तुटले आहे, माळा शाबूत आहेत. याची एक फार जुनी नोंद १७४५ सालची, स्वीडनमधली आहे. ओलोफ डालिन याने एका माणसाविषयी लिहून ठेवले आहे की, झटक्यानंतर त्याला "हो" याखेरीज एक शब्द बोलता येत नव्हता, पण आजाराआधी पाठ केलेली प्रार्थनागीते तो धडधाकट माणसासारखी स्पष्ट म्हणत असे. फक्त सुरुवातीला कोणीतरी त्याच्याबरोबर म्हणून त्याला थोडा हात द्यावा लागे. तुमच्या शेजाऱ्यांनी त्या दिवशी नकळत तोच हात दिला होता.

आता तुमचा प्रश्न. हे बोलणे की टेप? टेप तुम्ही बंद खोलीत लावली तरी वाजते. बाबांचे भजन रात्री दोन वाजता, एकटे असताना सुरू झाले नव्हते. शेजारून चार आवाज आले, ओळखीची लय आली, आणि त्या लयीत आपली जागा कोठे आहे हे त्यांना कळले, म्हणून ते आत शिरले. माझ्या दृष्टीने संवाद येथेच आहे. शब्दांचा अर्थ हा त्यातला एक भाग झाला. कधी शिरायचे, कोणाच्या मागे जायचे, कोठे थांबून दुसऱ्याला जागा द्यायची, हे सारे अर्थाच्या आधी येते.

नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्यात माझे गुरुजी गायला बसत आणि त्यांच्या साथीला एक वयस्क तबलजी असत. दोघांची बोलचाल काही घरगुती कारणाने सहा-सात वर्षे बंद होती, चहासुद्धा ते वेगवेगळ्या खोलीत घेत. पण विलंबित तीनतालात गुरुजी आलाप लांबवत समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, अलीकडे आले की तबलजींची मान किंचित उजवीकडे कलायची, गुरुजींचा तळहात मांडीवरून बोटभर उचलला जायचा, आणि दोघे एका क्षणी समेवर येऊन एकमेकांकडे पाहून हसायचे. समेनंतर दुसऱ्या मात्रेला चेहरे पुन्हा पूर्ववत. मी पंधरा-सोळा वर्षांची होते आणि मला ते हसणे फार कोड्यात टाकत असे. त्यांनी एकमेकांना काय सांगितले, असे कोणी विचारले असते तर मला एक वाक्य देता आले नसते, आणि तरी काही सांगितले गेले नाही असे म्हणणे धादांत खोटे ठरले असते.

याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी, नाहीतर मी तुमची दिशाभूल करीन. गाण्याने "खांदा दुखतो", "औषध आधीच घेतले", "खिडकी लावा" हे सांगता येत नाही. भजन सुंदर झाले म्हणून त्या दिवशी बाबांच्या गरजा कळल्या, असे होत नाही. त्यासाठी एका पुठ्ठ्यावर पाणी, चहा, संडास, दुखणे, पंखा, झोप अशी मोठी चित्रे चिकटवून तो पुठ्ठा त्यांच्या डाव्या हाताला लागेल असा ठेवा. हो आणि नाही यांसाठी दोन खुणा ठरवा, आणि घरातल्या प्रत्येकाने त्याच दोन खुणा पाळा. प्रश्न एका वेळी एकच विचारा, आणि विचारल्यावर मनातल्या मनात दहा मोजेपर्यंत थांबा. आपण नागपूरकर थांबण्यात जरा कच्चे आहोत.

तुम्ही "बरं, बरं" एवढेच निघते असे लिहिले आहे. त्या "एवढेच" विषयी माझी थोडी तक्रार आहे. आठवडाभर ते दोन शब्द कान देऊन ऐका. हवे तेव्हाचे "बरं" खाली उतरते का, नको तेव्हाचे तुटक येते का, कंटाळल्यावर दुसरे "बरं" लांबते का? डाव्या मेंदूच्या इजेत शब्द जातात, पण आवाजातला राग, लोभ, विनवणी हा चढउतार पुष्कळदा टिकून राहतो. आपण सगळे या चढउतारातूनच भाषेत आलो आहोत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, फ्रेंच आईबापांच्या नवजात बाळांचे रडणे बहुधा खालून वर चढते आणि जर्मन बाळांचे वरून खाली उतरते, म्हणजे पहिला शब्द उच्चारण्याच्या कितीतरी आधी, पोटात असतानाच, मूल आपल्या भाषेची चाल उचलू लागते. तुमचा मुलगा आजोबांपाशी तासभर का रमतो, याचे उत्तर मला यात दिसते. तो हुंकारतो, आजोबा हुंकारतात, मग तो थांबून त्यांच्या तोंडाकडे पाहत असेल. त्या खोलीत शब्दांची अपेक्षा न करणारा तो एकटाच माणूस आहे. त्यांना तासभर तसेच राहू द्या, आणि कृपा करून दारातून डोकावून कौतुक करू नका.

देह सोडून जाण्याच्या भजनाविषयी तुम्ही कोणाशी बोलला नाहीत, हे वाचून मला वाईट वाटले. त्या शब्दांतून बाबा निरोप घेत आहेत असा अर्थ काढू नका. वाचाघातात गाणारा माणूस बहुधा मजकूर पाहून गाणे निवडत नाही. ज्या गाण्याची माळ सर्वांत घट्ट झालेली असते तेच वर येते. तीस वर्षांच्या गुरुवारांत शेवटी, सगळे उठण्याआधी, कोणते भजन होत असे ते आईला विचारा. वैराग्याची भजने आपल्याकडे बैठकीच्या अखेरीस येतात आणि म्हणून ती सर्वांत जास्त वेळा म्हटली जातात, त्यामुळे हेच भजन असण्याचा संभव मला मोठा वाटतो. पण म्हणून धास्ती झटकून मोकळ्या होऊ नका. लकव्यानंतर साधारण तीनांतल्या एका रुग्णाला नैराश्य येते, आणि ज्याला बोलता येत नाही त्याचे नैराश्य घरच्यांच्या नजरेतून सहज सुटते. त्यासाठी गाण्याचे शब्द पाहायचे नसतात. जेवण कमी झाले आहे का, पहाटे तीन-चारला जाग येऊन ते पडून राहतात का, नातवाकडेही पाहिनासे झाले आहेत का, व्यायाम करणाऱ्या माणसाला ढकलून देतात का, हे पाहा. नातू अजून रमतो आहे, हे चांगले लक्षण आहे. तरीही भिंतीकडे तोंड फिरवण्याची गोष्ट आणि ही धास्ती, दोन्ही त्यांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा. या नैराश्यावर उपचार आहेत, आणि ते उपचार मिळाल्याशिवाय बोलण्याच्या सरावातही मन लागत नाही.

आता बोलणे परत आणण्याविषयी. सुरांच्या वाटेने बोलण्याकडे जाण्याची एक रीतसर पद्धत अमेरिकेत बोस्टनच्या तज्ज्ञांनी १९७३ साली मांडली आणि ती आजही वापरली जाते. तिच्यात भजन म्हणवून घेत नाहीत, हे ध्यानात घ्या. रोजच्या गरजेचा दोन-तीन अक्षरांचा छोटा तुकडा घेतात, तो दोनच सुरांवर, एक वरचा आणि एक खालचा, सावकाश लावतात, आणि दर अक्षरागणिक रुग्णाचा डावा हात हलकेच आपटवतात. आधी उपचार करणारा आणि रुग्ण मिळून म्हणतात. मग उपचार करणारा मध्येच आवाज गाळतो. मग रुग्ण एकटा म्हणतो. मग त्याच तुकड्याने प्रश्नाचे उत्तर द्यायचे. आणि शेवटी सूर हळूहळू सोडून साध्या बोलण्यावर यायचे. हे काम महिनोन्महिने चालते. सगळ्यांना गुण येतो असे नाही, आणि नेमके कशामुळे येतो याविषयीही एकमत नाही. पूर्वी सगळे श्रेय सुराला आणि उजव्या मेंदूला दिले जाई. २०११ साली जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवले की, सुरापेक्षा लय आणि तोंडात बसलेले ठरीव शब्दप्रयोग यांचा वाटा मोठा असावा. मला त्यात नवल वाटले नाही. डालिनच्या त्या माणसालाही काही प्रार्थना न गाता, नुसत्या ठेक्यात, उंच आवाजात म्हणता येत असत.

म्हणून वाचा-उपचारतज्ज्ञ गाठा. मोठ्या रुग्णालयांच्या मेंदूविकार किंवा कान-नाक-घसा विभागात चौकशी केली की पत्ता मिळतो. सहा महिने होऊन गेले, आता काय उपयोग, असे कोणी म्हटले तर ऐकू नका. पहिल्या महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरे, पण त्यानंतर ती थांबते हे खरे नाही. त्यांच्याकडे जाताना बाबांचे स्वतःचे दहा तुकडे कागदावर लिहून न्या, आणि ते पुस्तकी नकोत. बाबा आईला "चहा आण" म्हणत असत की "चाय मांड वो"? ज्या तुकड्याचा ठेका पन्नास वर्षे तोंडात बसला आहे, तोच परत येण्याचा संभव अधिक.

आणि हा तुकडा पहिल्यांदा सुरू कोण करून देणार? तुमच्या पत्रात आई अर्ध्या ओळीत येऊन जातात. ताट ठेवतात आणि बाहेर पडतात. ज्या माणसाचा आवाज घर भरून टाकत असे, त्याच्यासमोर बसून दोन्ही बाजूंचे संभाषण एकटीने करायचे, हे किती अवघड असते ते मी जवळून पाहिले आहे. तो निष्ठुरपणा नव्हे. पण तीस वर्षे बाहेरच्या खोलीत भजन चालू असताना स्वयंपाकघरात चहा गाळणाऱ्या त्या बाईला प्रत्येक भजनाची प्रत्येक ओळ पाठ असणार, याविषयी मी पैज लावायला तयार आहे. त्यांनी कधी मोठ्याने म्हटली नसेल इतकेच. त्यांना सांगा की, बाबांना गाणे सुरू करायला कोणाचा तरी पहिला शब्द लागतो, आणि तो मोबाइलमधून आला तर चालत नाही, कारण मोबाइल थांबत नाही, मागे येत नाही, चूक झाली तर पुन्हा उचलून देत नाही. सकाळी ऊन तापायच्या आत, कूलर बंद करून (त्या घरघरीत वाचाघाताच्या माणसाला बोललेले कळणे फार जड जाते), आईंनी पलंगाच्या डाव्या बाजूला खुर्ची घ्यावी आणि सावकाश पहिली ओळ धरावी. बाबा आले तर त्यांच्याबरोबर जावे. एखादी ओळ अर्ध्यावर सोडून पुढचा शब्द त्यांच्यासाठी मोकळा ठेवावा. ते आले नाहीत, तर आपली आपण पूर्ण करावी. पंधरा मिनिटे पुरेत.

यानंतर फर्माईश बंद. पाहुण्यांना दारातच सांगा की, बाबा आता कोणासाठी गात नाहीत, कोणाबरोबर गातात. ज्याला बरोबर म्हणायचे असेल त्याने बसावे. निम्मे पाहुणे चहा घेऊन परत जातील, उरलेले निम्मे पुन्हा येतील. भाच्याने तो व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाकावा, आणि काढल्याचे बाबांना जाऊन सांगावे. त्यांना सगळे समजते असे गृहीत धरूनच बोलत जा. दादांना मात्र मी एक काम देईन. बाबांवर चिडण्यात त्यांची जी शक्ती चालली आहे ती मंडळातल्या दोन जुन्या माणसांना आणण्यात लावावी. दोघेच. पेटी, ढोलक आणि वीस माणसे एकदम नकोत, तो गोंगाट होईल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगावी सामुदायिक प्रार्थना रुजवली ती एकेकाच्या आवाजाची परीक्षा घेण्यासाठी नव्हती. ज्याचा सूर लागत नाही तोही त्या आवाजात मिसळून जात असे, आणि बाबा तीस वर्षे त्याच रीतीत वाढले आहेत.

शेवटचे, खंजिरी. ती कोठे आहे हे तुम्ही लिहिले नाही, पण बहुधा कोणीतरी बाबांना वाईट वाटू नये म्हणून माळ्यावर टाकली असेल. ती खाली काढा, चकत्यांवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसा. या उन्हात चामडे ताणलेले असेल, आवाज नेहमीपेक्षा चढा येईल. बाबा ती डाव्या हातात धरून उजव्याने वाजवत असणार आणि आता ते जमायचे नाही. म्हणून खंजिरी त्यांच्या मांडीवर उशी ठेवून तिच्यावर आडवी ठेवा आणि डावा हात मोकळा सोडा. वाजवा असे म्हणू नका. आईंनी ओळ धरू द्या आणि त्या हाताकडे न बघता बसा.